निष्कर्ष पुढच्या पानावर

बसचालकाचा हात मोडणे ही गोष्ट गंभीर असली तरी नियमात बसणारी आहे. हात मोडला की रजा, रजा संपली की तपासणी, तपासणी झाली की तंदुरुस्तीचा अहवाल आणि अहवाल आला की पुन्हा गाडी, अशी सरळ वाट डेपोतल्या फलकावर काचेआड लावलेली होती. या वाटेवर आजवर कुणी हरवल्याची नोंद नव्हती. तो पहिला मान सावकाशला मिळाला.

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नव्हतं. आयुष्यभर त्याने गाडी अशी चालवली, की मागच्या बाकावर कुणी भरतकाम करत बसलं तरी सुई बोटात शिरू नये. म्हाताऱ्या बायका रिकामी आलेली गाडी सोडून द्यायच्या आणि त्याच्या गाडीसाठी थांबायच्या. उशीर होतो म्हणून त्याला कितीदा तरी लेखी समज मिळाली होती. त्याच्या हातून गाडीला कधी ओरखडा गेला नाही, याबद्दल मात्र शाबासकी मिळाली नाही, कारण न घडलेल्या गोष्टीसाठी कुठल्याच कागदावर रकाना नव्हता.

तर हा माणूस एका रविवारी गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला शिडीवर चढला. तो सावकाश होता. शिडीला घाई होती. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, उतरलं, हात सुधारला. रजा संपली, आणि अहवाल येईपर्यंत डेपोने त्याला हलकं काम म्हणून सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्या होत्या, एकेकटे बूट होते, डबे होते, आणि एक कवळी होती. कवळी विसरून माणूस घरी गेलाच कसा आणि जेवला कशाने, याचा विचार करत सावकाश दिवस काढायचा. खिडकीतून त्याची गाडी बाहेर पडताना दिसे. दुसऱ्याने गिअर टाकला की याचा घसा खरवडल्यासारखा होई. महिनाअखेरपर्यंत तंदुरुस्तीचा अहवाल आला तर गाडी परत. नाही आला तर हलकं काम कायमचं, म्हणजे निवृत्तीपर्यंत ती कवळी आणि तो, समोरासमोर.

डॉक्टर तरुण होती, नवीन होती, आणि त्यामुळे नियम वाचत होती. पूर्वीचे डॉक्टर "ठीक आहे" एवढं लिहून सही ठोकत. त्यावर वरच्या कार्यालयाने विचारलं होतं, की ठीक म्हणजे किती ठीक? उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून अहवाल तयार करणारं नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्यात एक पेटी होती, 'आजाराचा संपूर्ण तपशील', आणि पेटीच्या खाली एक ओळ, 'निष्कर्ष'.

"काका, मूठ आवळा," डॉक्टर म्हणाली. "अजून जोरात. बास बास, माझी बोटं सोडा! हात तर एकदम छान आहे तुमचा. आता फक्त हे झालं कसं, ते सगळं लिहायचंय."

"सगळं म्हणजे?" सावकाशच्या बायकोने विचारलं. ती नवऱ्याबरोबर आली होती, कारण तिच्या मते नवऱ्याला स्वतःचं दुखणं सांगता येत नाही.

"सगळं म्हणजे सगळं. अगदी पहिल्यापासून. काही गाळायचं नाही असा नियम आहे."

लग्न झाल्यापासून या बाईला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"त्याचं काय झालं, आमची टाकी जुनी. मी म्हणत होते, बदला. हे म्हणाले, टाकीला काय धाड भरलीय? बरं, शिडी आमची नव्हे, धाकट्या दिरांची. दीर वस्तू देतात तीच मुळी बिघडली म्हणून. लिहिताय ना?"

"लिहितेय, काकू."

"दीर लिहिलं?"

"लिहिलं."

"आता कसं बरं वाटलं."

डॉक्टरने सगळं टाइप केलं. टाकी, शिडी, दीर, पडल्याचा आवाज, त्या आवाजाला शेजारीण काय म्हणाली ते, हाडवैद्याकडे न जाता दवाखान्यात नेल्याबद्दल बायकोची स्वतःची थोडी तारीफ, प्लास्टर, व्यायाम. शेवटी निष्कर्षाच्या ओळीत तिने लिहिलं, 'गाडी चालवण्यास पूर्णपणे तंदुरुस्त', आणि छापण्याचं बटण दाबलं.

पहिल्या पानावर नाव, वय आणि 'आजाराचा संपूर्ण तपशील' हे शीर्षक आलं. खाली पांढरं. दुसरं पान पांढरं. तिसरंही. मग प्रिंटर थांबेचना. कोऱ्या पानांमागून कोरी पानं अशी येऊ लागली, जशी काही दिराने शिडीबद्दल स्वतःची बाजू मांडायला घेतली आहे. कागद संपले तेव्हा कुठे तो शांत झाला.

"आणि तंदुरुस्त कुठे आहे?" सावकाशने विचारलं.

"पुढच्या पानावर असेल," डॉक्टर म्हणाली. "कागद आणायला सांगते."

कागद आणले. तेही पांढरेच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी अहवाल विभागाच्या प्रमुखांनी सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस बोलावला. प्रमुखांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे मांडलेल्या असत. कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर दिलासा घालून आला. त्याने पडदा बघितला आणि समाधानाने मान डोलावली.

"बिघाड काही नाही. उलट फार गुणी वागतंय ते. हे सॉफ्टवेअर मजकुराची पेटी फोडत नाही. पानावर जागा कमी पडली, तर अख्खी पेटी उचलून पुढच्या पानावर नेतं."

"आणि पुढच्या पानावरही मावली नाही तर?"

"त्याच्या पुढच्या."

"पण पानं तर सगळी एकाच मापाची!" डॉक्टर म्हणाली.

"हो. म्हणून शोधत राहतं. चिकाटी आहे त्याला."

दाराशी उभा असलेला सावकाश घसा साफ करून म्हणाला, "म्हणजे साहेब, मोठं खटलं आहे, सगळ्यांना एकाच गाडीतून जायचंय, आणि गाड्या सगळ्या तेवढ्याच. म्हणून येईल ती गाडी सोडतायत."

"अगदी बरोबर!"

"आमचा कंडक्टर सांगतो, अर्धे यात चढा, अर्धे मागच्या गाडीने या."

"तशी सोय पुढच्या आवृत्तीत आहे," कंपनीचा माणूस म्हणाला.

"ती कधी येणार?"

"आधी या आवृत्तीबद्दल तुमचं समाधान झाल्याचा अहवाल पाठवावा लागतो."

समाधानाचा अहवाल याच सॉफ्टवेअरमध्ये लिहायचा होता. प्रमुखांनी तो मनापासून, विस्ताराने लिहिला. तोही पांढरा आला.

आता प्रश्न उरला कोऱ्या पानांचा. प्रमुखांचं मत असं होतं, की कोरं पान म्हणजे काहीतरी लपवलेलं पान. तेव्हा प्रत्येक कोऱ्या पानावर 'हे पान जाणूनबुजून कोरे आहे' असा शिक्का मारून सही घ्यावी असं ठरलं. एक कारकून फक्त शिक्के मारू लागला. मग तपासनिसांनी शंका काढली, की जाणूनबुजून म्हणजे कुणी जाणून आणि का बुजून? त्यावर कोरेपणाचा खुलासा अहवालातच जोडायचं ठरलं. खुलासा त्याच पेटीत टाकला. पेटी आणखी फुगली. कारकुनाला मदतनीस द्यावा लागला.

डॉक्टरने एक उपाय केला. अक्षरं बारीक केली. आणखी बारीक केली. शेवटी मजकूर मुंगीच्या पावलांइतका झाला तेव्हा तो एका पानात बसला आणि तळाशी निष्कर्षही उमटला. सावकाशला वाटलं, आता झालं. त्याने मनातल्या मनात क्लच दाबलासुद्धा.

प्रमुखांनी कागद हातभर लांब धरला. मग नाकाशी धरला. मग दिव्याखाली.

"हे काय लिहिलंय?"

"तंदुरुस्त लिहिलंय, सर."

"मला कसं कळणार?"

"वाचून," डॉक्टर म्हणाली. "आणि वाचता येत नसेल, तर नियमाप्रमाणे तुमचे डोळे तपासावे लागतील. त्याचाही अहवाल काढू की आपण."

प्रमुखांनी कागद हळूच खाली ठेवला. "अक्षर लहान करणं हा कर्मचाऱ्याच्या दुखण्याचा अपमान आहे," ते म्हणाले. "हे चालणार नाही. दुखण्याला मान हवा."

आणि दुखण्याला मान देण्यासाठी त्यांनी परिपत्रक काढलं: 'सर्व कर्मचाऱ्यांचे आजार यापुढे सात ओळींत बसतील असे असावेत.'

परिपत्रक घेऊन सावकाश घरी आला. नवरा-बायको चहाचे कप पुढ्यात घेऊन बसले, आणि कोंबडीची पिसं काढावीत तसं ते आजारपण सोलू लागले.

"शेजारीण काढ," सावकाश म्हणाला.

"काढली. तशीही आगाऊच आहे."

"टाकी काढ."

"टाकी काढली तर तुम्ही गच्चीवर काय, चांदणं मोजायला गेला होतात? भर दुपारी?"

"मग शिडी काढ."

"अहो, शिडी काढली तर पडलात कशावरून?"

"बरं, मग दीर काढ."

इथे बायकोने कप खाली ठेवला. "दीर नाही काढायचा," ती म्हणाली. "कुठेतरी लिहिलेलं असू दे त्याचं."

"अगं, मला गाडी मिळायचीय!"

तिने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात टेबलावर नकळत गोल फिरत होता, जणू त्याखाली स्टिअरिंग आहे. मग तिने उसासा टाकला आणि दिराला माफ केलं. बाईच्या जिवावर आलं होतं, पण केलं. उरलं ते एवढंच: 'शिडीवरून पडलो. मनगट मोडलं. आता बरं आहे.' सात ओळी कसल्या, दोनच झाल्या. अहवाल एका पानात आला, ठसठशीत आला, खाली निष्कर्ष आला. तो हातात धरून सावकाश डेपोत शिरला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो भरभर चालत होता.

रजा विभागाने अहवाल वाचला.

"दोन ओळींचा आजार, आणि रजा एवढी मोठी?" रजा विभागातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पडलो, मोडलं, बरं आहे. याला फार तर आठवडा. बाकीचे दिवस कुठे होतात तुम्ही?"

"बाई, हाड जुळायला वेळ लागतो."

"मग तसं लिहायला हवं. कसं जुळलं, का वेळ लागला, व्यायाम कुठले केले, सगळं सविस्तर. तोवर ही रजा म्हणजे न सांगता मारलेली दांडी, आणि दांडी मारणाऱ्याला गाडी नाही."

अहवाल विभागाला आजार लहान हवा होता, रजा विभागाला मोठा. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर होते, मधे फक्त पाण्याचं पिंप. सावकाश पिंपापाशी उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचा. सविस्तर लिहिलं की पानं कोरी यायची, थोडक्यात लिहिलं की दिवस कोरे निघायचे. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," बायको म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने एका वाक्यात आटपलं.

याच सुमारास डॉक्टरपुढे झपाटा आला. झपाटा हा सावकाशचा धाकटा सहकारी. नावावरूनच त्याच्या गाडीचा अंदाज यावा. वेगळ्याच तपासणीला आला होता, पण डॉक्टरने सवयीने डोळ्यांच्या तक्त्यापुढे बसवलं आणि लक्षात आलं, की याच्या डाव्या डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही.

"कधीपासून?" तिने घाबरून विचारलं.

"काय माहीत. मी उजवीकडेच बघतो. ओव्हरटेक तिकडूनच करायचं असतं ना."

डॉक्टरने 'अपात्र' लिहिलं. अपात्र लिहिलं की कारणांची आणखी एक पेटी उघडत असे, आणि ती कारणं, चाचण्या, धोके आणि उपाय यांसह पुरती भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नसे. तिने ती इमानाने भरली. साहजिकच पेटी पानात मावली नाही आणि सगळी पानं पांढरी आली. प्रमुखांनी तिला बोलावलं.

"हे काय चाललंय? महिनाअखेर आली. मला छापलेले अहवाल हवेत. थोडक्यात सांगा, त्याला काय झालंय?"

"त्याला डावीकडचं दिसत नाही!"

"बघा, सुटसुटीत वाक्य आहे. तेवढंच लिहा."

"पण अपात्रतेची पेटी..."

"ती उघडूच नका. मग निष्कर्षात सॉफ्टवेअर आपलं आपण तंदुरुस्त लिहितं. कंपनीने तशी सोय करून ठेवलीय."

"सर, वरती 'डावीकडचं दिसत नाही' आणि खाली 'तंदुरुस्त'?"

"वर सत्य आहे, खाली निष्कर्ष आहे. दोन वेगळे रकाने आहेत. एकमेकांत लुडबुड कशाला?"

डॉक्टरने सही करायला नकार दिला. तिची हरकत लेखी मागवण्यात आली. तिने ती पोटतिडकीने, दीर्घ लिहिली. ती कशी छापून आली हे सांगायला नको. सही मग प्रमुखांनीच केली. आता त्यांना अक्षर वाचता येत होतं, मोठं होतं ते.

महिनाअखेरीला आकडेवारी वर गेली. छापून आलेल्या अहवालांपैकी एकूण एक तंदुरुस्त! आजारी माणूस औषधालाही सापडेना. वरच्या कार्यालयाने विभागाचा गौरव केला आणि प्रमुखांना एक मोठी फुलदाणी दिली. ती त्यांनी पेन्सिलींच्या शेजारी, उंचीप्रमाणे ठेवली. सावकाशचं हलकं काम कायम झालं. आणि त्याची गाडी, त्याचा मार्ग, त्याच्यासाठी थांबणाऱ्या म्हाताऱ्या बायका, सगळं झपाट्याच्या हवाली झालं.

त्या संध्याकाळी सावकाश घरी जायला स्वतःच्याच गाडीत प्रवासी म्हणून चढला. पुढचं, डावीकडचं, खिडकीजवळचं आसन रिकामं होतं. बसला. वळणावर गाडी डावीकडे घसरली तशी त्याला एक सायकल दिसली, सायकलवर एक बाई, मागे पोर.

"अरे, डावीकडे सायकल!" तो ओरडला.

झपाट्याने चाक उजवीकडे ओढलं. सायकल बोटभर अंतराने सुटली. पुढच्या थांब्यावर झपाट्याने मान वळवली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"दादा, तुम्ही रोज याच गाडीने जाता का?"

"आता जाईन," सावकाश म्हणाला.

आणि तो जाऊ लागला. नुसता घरी नव्हे. वस्तूंच्या खोलीला कुलूप लावून दिवसभर फेऱ्यांवर जाऊ लागला. कवळी कुठे पळून जाणार नव्हती. रोज ते आसन, आणि रोज तो आवाज: "डावीकडे हातगाडी. डावीकडे आजोबा. थांब, आजोबांचा विचार बदलला, परत येतायत. हां, आता जा." झपाटाही हळूहळू हळू झाला. उजवा डोळा एकाचा, डावा दुसऱ्याचा, अशी ती गाडी नीट चालू लागली. म्हाताऱ्या बायका पुन्हा तिच्यासाठी थांबू लागल्या. बायकोने एकदा येऊन पाहिलं आणि म्हणाली, "चला, गाडी मिळाली म्हणायची. अर्धी का होईना."

पण गाडीत कामाला निघालेली माणसंही असतात. त्यांना शांतता लागते. डोळे मिटायचे असतात, फोनवर बोलायचं असतं. एक म्हातारा रोज पुढे बसून चालकाशी सतत बोलतो आणि गाडीला उशीर करतो, हे किती दिवस खपवून घेणार? त्यांच्यापैकी एका चांगल्या, शिकलेल्या, नियम पाळणाऱ्या प्रवाशाने थांब्यावर उतरता उतरता फोनवरूनच तक्रार केली. घाईत होता, त्यामुळे एकच ओळ लिहिली: 'चालकाशी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला आवरा.'

एक ओळ. पेटीत अलगद बसली. पानावर ठळक आली. तिच्याखाली निष्कर्षही आला: 'तक्रार योग्य.' त्याच दिवशी अंमलबजावणी झाली. इतक्या वेगाने त्या कार्यालयात आजवर काहीच झालं नव्हतं.

सावकाशने लेखी उत्तर दिलं. ते लांब आहे. अजून छापतंय.

तक्रार कुणी केली ते नाव गुप्त ठेवतात, त्यामुळे आपण कुणाकडे बोट दाखवायला नको. तुम्हीही रोज कुठेतरी जाताच, तुम्हालाही घाई असतेच. उद्या सकाळची गाडी नेहमीप्रमाणे सुटेल. आता ती वेळेच्या आधीच पोचते. पुढचं, डावीकडचं, खिडकीजवळचं आसन मोकळं आहे. बसा. वारा छान लागतो.